वाचल्याचा शिक्का

३ फेब्रुवारी

खटपट्या,

आशीर्वाद मागाहून, आधी काम. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. आमच्या घराला आणि दुकानाला मिळून एकच कान आहे आणि तो आईचा. खाली कागद कापायचं यंत्र धडधडत असतानासुद्धा मी वरच्या मजल्यावर काय कुजबुजले ते तिला ऐकू जातं. म्हणून ही ईमेल, माझ्या मोबाइलवरून. उत्तर इथेच धाड. दुकानाच्या पत्त्यावर चुकूनही नको, ती पेटी आई उघडते.

आईच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही हे तुझ्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, तुला सांगितलंच असेल. डॉक्टरांनी या खेपेला गोड बोलणं सोडलं. म्हणाले, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन झालं तर ठीक, त्यानंतर माझ्याकडे येऊ नका. आणि आई म्हणते, नाही. का नाही? "धाकट्याने माझं पत्र वाचल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपणार नाही."

धाकटा घरातून गेला त्या दिवशी तू इथे नव्हतास. बाबांचं जुनं छपाईयंत्र विकायचं की ठेवायचं यावरून दोघांची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि आई त्याला म्हणाली, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." तो गेला. छपाईची यंत्रं बसवून देणाऱ्या एका कंपनीत लागला, या गावातून त्या गावात फिरायचा, मला दोन ओळी तरी लिहायचा. गेल्या उन्हाळ्यापासून त्याही बंद झाल्या. फोन लागत नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, सज्ञान माणूस आपल्या पायांनी गेलाय, बाई. तेव्हापासून आई दुपारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसते आणि एका बोटाने त्याला माफीचं पत्र लिहिते. रोज एक.

त्याच कॉम्प्युटरवर धाकट्याची स्वतःची मेलची पेटीही उघडी आहे, तोच तशी ठेवून गेला. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं, वाचलं की साध्या. आई पत्र पाठवते आणि त्याच्या पेटीत जाऊन बघते. उघडत नाही हं. हात लागून क्लिक होऊ नये म्हणून माऊस उचलून स्टुलावर ठेवते, आणि मग पडद्यापुढे वाकते. जन्मभर प्रुफं तपासलेली बाई, ठळक आणि साधं यातला फरक तिला चष्म्याशिवाय कळतो. आजवरची सगळी ठळक आहेत.

आता संकट. आपल्या दुकानाच्या पेट्या ज्यांच्या सर्व्हरवर आहेत त्यांची नोटीस आली. मार्चअखेर ते सर्व्हर कायमचा बंद करणार. धाकट्याच्या पेटीत वर्षानुवर्षांची पत्रं आहेत, कंपनीची, कामावरच्या लोकांची, शिवाय फोटो आणि अटॅचमेंटा. तो कुठे आहे याचा धागा तिथे असणारच. पण मी एकेक उघडत बसले तर आईला वाटेल तो वाचतोय. तू लोकांच्या पेट्या एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवायचं काम करतोस ना? मग ही पेटी उपसून दे. पासवर्ड मला ठाऊक आहे. बदलून टाकू का?

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

पासवर्डला हात लावू नकोस! धाकटा कुठूनतरी आत येऊ पाहत असेल तर आपणच त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल. आहे तोच मला पाठव.

घाबरू नकोस, माझं पोट याच कामावर भरतं. माझा प्रोग्रॅम सर्व्हरच्या दाराशी जातो, पासवर्ड सांगतो, पेटीत किती पत्रं आहेत ते विचारतो आणि जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक मागून घेतो. पत्र येतं तेव्हा तुला ओळखू यायचं नाही. मजकूर, पत्ते, अटॅचमेंट, सगळं एकाच लांबलचक गाठोड्यात बांधलेलं. फोटोसुद्धा नुसत्या अक्षरांचा भुसा होऊन येतो. प्रोग्रॅम गाठोडं सोडतो, भुशाचा परत फोटो करतो, त्याला नाव देऊन फोल्डरमध्ये ठेवतो. दोन डुलक्या काढेपर्यंत पेटी रिकामी. म्हणजे रिकामी नाही, नक्कल आपल्याकडे आणि मूळ तिथेच.

मी काहीही उघडणार नाही, कुठे क्लिकही करणार नाही, तेव्हा मावशीची ठळक अक्षरं सुरक्षित. तिची पत्रं मी बाजूच्या फोल्डरमध्ये टाकेन आणि वाचणार नाही. त्या दोघांमधलं ते त्या दोघांमध्ये.

रविवारी दुपारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा चालवतो. तू मावशीला जेवायला घाल आणि डॉक्टरांची वेळ हातची जाऊ देऊ नकोस. ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण सांगणं माझं काम आहे. लहान भावाने मोठ्या बहिणीला शहाणपण शिकवायची संधी सारखी थोडीच येते!

तुझा खटपट्या


९ फेब्रुवारी

खटपट्या, खटपट्या,

तो वाचतोय!

काल, रविवारी, मी गोदामातून कागद आणायला गेले होते. रिक्षातून रिमं उतरवतेय तर आई दुकानाच्या पायरीवर बसलेली, दोन्ही हात मांडीत. मला वाटलं, झालं, छातीत दुखतंय. मी रिमं रस्त्यावरच टाकली. तर ती म्हणते, "वाचली. सगळी वाचली त्याने." मी आत धावले. खरंच, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी साधी! एक ठळक राहिलं नाही. माऊस स्टुलावर तसाच. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आणि तुला माहीत आहे, मी रडणाऱ्यांतली नाही.

उत्तर आलेलं नाही. आई म्हणते, येईल, त्याचा राग उतरायला वेळ लागतो, माझ्यावर गेलाय. पण रात्री नीट जेवली. आणि आज सकाळी तिने आपण होऊन डॉक्टरांना फोन लावला, मला लावू दिला नाही. आधी तपासण्या, मग दात (त्यातले जंतू झडपेवर जाऊन बसतात म्हणे), आणि वीस मार्चला ऑपरेशन. तारीख तिने स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर लिहिली.

कसला योगायोग बघ, तू पेटी उपसायला बसलास आणि नेमका त्याच दुपारी तो आत आला. तुला दिसला असेल ना? तो कुठून आला, काही कळतं का? लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

ताई


९ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

तू बसली आहेस ना? बसून वाच.

तो नव्हता. मी होतो.

सर्व्हरकडून पत्र मागायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नुसतं 'दे'. सर्व्हर पत्र देतो आणि देता देता त्यावर 'वाचलं' असा शिक्का मारतो. दुसरी म्हणजे 'डोकावू दे'. मग तो पत्र देतो आणि शिक्का मारत नाही. मी रोज ज्या पेट्या हलवतो त्यांची मूळ प्रत नंतर फेकूनच द्यायची असते. तिथे शिक्का बसला काय नि न बसला काय, कुणी बघायला येत नाही. म्हणून माझी ओळ कायम 'दे' अशी. तीच मी तुझ्यासाठी चालवली. क्लिक करणार नाही म्हणून फुशारकी मारली आणि एका झटक्यात अख्ख्या पेटीवर शिक्के मारून मोकळा झालो. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तुझी ईमेल वाचली तेव्हा मला पहिल्या दोन ओळी खऱ्या वाटल्या. मीही उडी मारली. तिसऱ्या ओळीला 'रविवार' हा शब्द आला आणि मी माझा प्रोग्रॅम उघडून बघितला.

ती ओळ बदलली आहे. यापुढे रोज डोकावून बघेन, शिक्का बसणार नाही. पेटीतल्या अटॅचमेंटा हाती लागल्या आहेत, भरपूर आहेत, एकेक सोडवतो आहे.

पण मावशीला सांग. आजच सांग. तुला जमत नसेल तर मी फोन करतो, माझीच चूक आहे. माझ्या एका ओळीवर भरवसा ठेवून ती टेबलावर झोपणार आणि नंतर तिला कळलं तर? ताई, जितका उशीर करू तितकं हे वाईट होत जाईल.

खटपट्या


११ फेब्रुवारी

खटपट्या,

दोन दिवस तुला काहीबाही लिहून पुसत होते. आता जे राहिलं ते वाच.

फोन करायचा नाही. करून तर बघ. तुझी चूक आहे म्हणतोस, मग ती चूक माझ्या पदरात पडली आहे आणि तिचं काय करायचं ते मी ठरवेन. तुला काय, तू तिकडे तुझ्या रिकाम्या ऑफिसात बसून खरं बोलून मोकळा होशील. त्यानंतर इथे तिच्यासमोर मी असेन. काल ती दाताच्या डॉक्टरकडे गेली, स्वतःच्या पायांनी, जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबून दम घेत. "धाकटा आला तर बोळकं घेऊन कशी सामोरी जाऊ," म्हणत होती. तिला मी सांगू, की आई, परत चल, त्याने काही वाचलेलं नाही, खटपट्याने एक ओळ चुकीची लिहिली? सांगितलं त्या क्षणी ती कॅलेंडरवरची वीस तारीख खोडणार. मी तिला ओळखते. आणि मग उन्हाळा.

खोटं बोलून जगलेली आई मला चालेल. खरं ऐकून गेलेली नको आहे. हे चूक असेल तर असू दे.

तू एकच कर. धाकट्याला शोध. तो सापडला की सगळं खोटं खरं होईल. नाही सापडला तर मला शहाणपण शिकवू नकोस.

ताई


२ मार्च

ताई,

तू बोलत नाहीस, पण मी शोधतो आहे. आधी बातमी सांगतो आणि मग खरी बातमी.

कंपनीच्या ढीगभर पत्रांत एका मुकादमाचं पत्र सापडलं. त्याला जोडलेला फोटो: एका मोठ्या यंत्रापुढे चार माणसं उभी, त्यात डावीकडे धाकटा, दाढी वाढलेली, हाताला तेल, हसतोय. पत्राखाली मुकादमाचा फोन नंबर होता. लावला. मोठ्या आवाजात बोलणारा भला माणूस आहे. म्हणाला, "हो, होता ना आमच्याकडे! हात चांगला. बोलायचा कमी. मोबाइल यंत्रात पडून चुरा झाला तर नवा घेतला नाही, म्हणाला, बरं झालं, कटकट गेली." काम संपल्यावर धाकटा तिथून निघाला. बंदराकडे काही काम आहे म्हणाला होता. कुठल्या बंदराकडे, ते मुकादमाला माहीत नाही. ही गोष्ट गेल्या पावसाळ्याच्या आधीची. मी बंदरांजवळच्या छापखान्यांना फोन लावायला सुरुवात केली आहे.

आता खरी बातमी. मी रोज पेटीत डोकावतो, आणि माझा प्रोग्रॅम प्रत्येक पत्राशेजारी छापतो की त्यावर शिक्का आहे की नाही. ताई, मावशीच्या नव्या पत्रांवर शिक्के आहेत! माझ्या चुकीनंतर तिने जी लिहिली त्यांच्यावर! आज आलेलं उद्यापर्यंत वाचलेलं असतं. ते मी केलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं, दुसऱ्या रिकाम्या पेटीवर चालवून पाहिलं. माझी ओळ आता शिक्का मारतच नाही.

म्हणजे कोण? मावशी माऊसला हात लावत नाही. म्हणजे तोच, ताई. तो कुठल्यातरी बंदरात, कुठल्यातरी कॉम्प्युटरवर बसून आपल्या आईची पत्रं वाचतोय. मी ऑफिसात सगळ्यांसमोर टेबलावर हात आपटला. साहेब विचारायला आले, काय झालं. मी म्हटलं, माझा भाऊ जिवंत आहे.

तुझं खोटं खरं झालं. आता तरी बोल माझ्याशी.

खटपट्या


११ मार्च

खटपट्या,

तुझी ईमेल आली त्या दिवसापासून मी तापात होते, आठवडाभर उठले नाही. तापाचं कारण पुढे करत नाही, खरं म्हणजे ताप नसता तरी मला हे लिहायला इतकेच दिवस लागले असते.

ते मी आहे.

तू म्हणालास 'सांग', आणि मी तुझ्यावर चिडले, त्याच दुपारी आई परत पत्र लिहायला बसली. पाठवलं, आणि पाहिलं तर ते ठळक. दुसऱ्या दिवशीही ठळक. जिना चढताना ती जास्त वेळ थांबली. "आधीची वाचली, मग हे का नाही?" एवढंच म्हणाली. मग ती वर जेवायला गेली की मी त्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. पत्र उघडत नाही, त्यातलं एक अक्षर मी वाचलेलं नाही. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं की 'वाचलेलं' अशी खूण करता येते. तेवढं करते आणि माऊस परत स्टुलावर ठेवते, होता तसा.

तुला सांगायला हवं होतं. तू मुकादमाला शोधत होतास, बंदरं पालथी घालत होतास आणि मी तुझ्या नाकाखाली खुणा करत होते. तू ऑफिसात टेबलावर हात आपटलास ते वाचलं आणि माझं डोकं ठणकायला लागलं. आईला फसवायचं ठरवलं होतं, तुला नव्हतं फसवायचं. तू त्यात आपोआप आलास.

शिव्या दे. पण बंदरांना फोन करणं थांबवू नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

शिव्या देणार नाही. मधे आठवडाभर शिक्के थांबले तेव्हाही मी म्हटलं, कामात असेल. मी नऊ दिवस धाकट्याला जिवंत धरून चाललो होतो, आता परत पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, तेवढा वेळ दे.

एकच मागतो. आता खुणा करू नकोस. कुणीही त्या पेटीत काही करायचं नाही, ना तू, ना मी. खरंच कधी तो आत आला तर आपल्याला ओळखू यायला हवं ना? इतक्या शिक्क्यांच्या गर्दीत त्याचा शिक्का कसा कळणार?

खटपट्या


१८ मार्च

ताई,

हे पत्र पाठवू की नको यावर सकाळपासून बसलो आहे. शेवटी तुझं आहे, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही.

तू खुणा थांबवल्यास हे पेटीत दिसतंच आहे. त्या ठळक पत्रांत परवापासून एक वेगळं पडलं आहे. मावशीची पत्रं मी वाचत नाही, तुला शब्द दिला होता. पण यादीत विषय दिसतो. बाकी सगळ्यांचा विषय 'धाकट्यास'. याचा विषय 'ताईसाठी'. म्हणून माझ्याकडच्या नकलेत उघडलं, शिक्का न मारता, आणि आता वाटतं नसतं उघडलं तर बरं. खाली जसंच्या तसं देतो.

*ताई,*

*हे धाकट्याच्या पेटीत टाकते आहे, कारण तू तिथे येतेस. चार-सहा दिवस फिरकली नाहीस असं दिसतं, पण येशील.*

*तू तापाने पडलीस तो आठवडाभर माझी पत्रं जशीच्या तशी ठळक राहिली. तू उठून खाली आलीस, मी जेवायला वर गेले, आणि खाली येते तर सगळी साधी. एकच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा आली की ती कुणाच्या हातची ते मला कळतं, आयुष्यभर तेच काम केलंय. त्या दिवशी जिन्यापर्यंत आले होते तुला बोलायला. मग म्हटलं, ही पोरगी माझ्या जिवासाठी चोरासारखी माऊस हलवते आहे, आणि मी हिला आजपर्यंत एक ओळ लिहिलेली नाही. जो गेला त्याला रोज पत्र. जी राहिली तिला 'शाई संपली का' आणि 'दिवा बंद कर'. मला लाज वाटली. म्हणून हे.*

*पण पहिल्या दिवशीचं तुझं नव्हतं. तू कागद आणायला गेली होतीस. मी एकटी होते, माऊस स्टुलावर होता. माझ्या डोळ्यांसमोर ती एकेक साधी होत गेली, खालून वर, जुन्यापासून नव्यापर्यंत, जसं कुणी ओळीने वाचत चाललंय. ते तू करू शकत नाहीस. ते कुणीच करू शकत नाही, त्याच्याशिवाय. माझं पत्र त्याला पोचलं. तेवढ्या भरवशावर मी टेबलावर झोपायला तयार आहे, उठले नाही तरी चालेल. पुढचं तू केलंस, ते मी मनाला लावून घेतलं नाही. तूही घेऊ नकोस.*

*आई*

ताई, ते एकेक साधं होत जाणं म्हणजे माझा प्रोग्रॅम. मीच तुला सांगितलं होतं ना, जुन्यापासून नव्यापर्यंत एकेक मागतो म्हणून? ती तिथे बसून ते बघत होती.

'सांग, आजच सांग' म्हणणारा मी. आता तुझे पाय धरतो, नको सांगूस. परवा ऑपरेशन आहे. तेवढ्यावर ती जाणार आहे, तेवढं तिच्याकडे राहू दे. ती बरी होऊन घरी आली की मी येतो आणि तिच्यासमोर बसून सगळं कबूल करतो. तोवर गप्प राहू या. तूच बरोबर होतीस.

खटपट्या


२३ मार्च

खटपट्या,

ऑपरेशन झालं. झडप बसली. ती शुद्धीवर आहे, कालपासून बोलते आहे, नर्सच्या हस्ताक्षरात चुका काढते आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू श्वास रोखून वाचणार नाहीस.

तुझी ईमेल वाचून मी खाली गेले आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते पत्र स्वतः उघडलं, खरंखुरं क्लिक करून. तू मोबाइलवर पाठवलेल्या नकलेपेक्षा मला ते तिथे वाचायचं होतं. मग वर गेले. आई दवाखान्याची पिशवी भरत होती. मी म्हटलं, तुझं पत्र वाचलं. ती नुसती "बरं" म्हणाली आणि कंगवा पिशवीत टाकला.

आणि मी सांगितलं, खटपट्या. तुझं ऐकलं नाही. तिने मला लिहिलं होतं ना, उठले नाही तरी चालेल, म्हणून. ते वाक्य मला गिळता येईना. ती तेवढ्यावर समाधानाने झोपणार होती, आणि डॉक्टरांनी तिला परत उठवायचं, तर तिच्या बाजूने जगण्याकडे ओढणारं काही उरलं नव्हतं. तुझी ओळ, 'दे' आणि 'डोकावू दे', शिक्का, रविवार, सगळं. 

ती पलंगावर बसली. मी तिचा हात धरला, नाडी बघायला म्हणून. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याने एकही वाचलेलं नाही?"

"नाही."

"पहिलंसुद्धा नाही?"

"नाही, आई."

"म्हणजे मी माफी मागितली हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्या कानात अजून तेच आहे. तोंड दाखवू नकोस."

मला वाटलं आता पिशवी रिकामी करेल. ती उठली, माझा हात झटकला, कपाटातून चष्म्याचं घर काढलं आणि पिशवीत कोंबलं. म्हणाली, "वाचली असती तर माझं काम संपलं होतं. आता नाही संपलं. मला परत यायला लागेल. डॉक्टरांना सांग, नीट करा म्हणावं, मला घाई आहे."

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर गेली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही, इतकी ती पुढच्या कामात होती.

काल नळ्या काढल्या. घसा बसलाय. मला जवळ बोलावलं, मी पाणी हवं का विचारलं. तर म्हणते, "खटपट्याला विचार, ती पत्रं परत ठळक करता येतात का. न वाचलेलं पत्र साध्या अक्षरात छापलं गेलं आहे, ही चूक आहे. चूक दुरुस्त करून दे म्हणावं, सर्व्हर बंद व्हायच्या आत. तो येईल तेव्हा त्याला ठळक दिसली पाहिजेत."

तुझ्यावर रागावली आहे का, असं विचारशील. विचारलं मी. म्हणाली, "प्रुफ वाचायला शिकव त्याला."

ताई


२४ मार्च

ताई,

केली. पेटी नव्या सर्व्हरवर नेली, पत्ता तोच, पासवर्ड तोच, धाकटा जुन्याच वाटेने आत येऊ शकेल. शिक्के पुसायला एकच ओळ लागली. ती चालवायच्या आधी तीनदा वाचली, मावशीला सांग. आज दोन बंदरांवर फोन झाले, उद्या पुढचे.

'धाकट्यास' लिहिलेली सगळी ठळक आहेत. 'ताईसाठी' हे एक साधं ठेवलं आहे. ते ज्याचं त्याने वाचलं आहे.

खटपट्या